मोंढ्यातली कॅलेंडरं आणि आमच्या विहिरीचं पाणी



दर आठवड्याला आपण इथं खत, फवारणी नाहीतर भावावर बोलतो. आज जुन्या सामानावर लिहितोय. पण ते फिरून शेतीवरच येतं, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पाडवा झाल्यावर आम्ही जुनं माळवदाचं घर उतरवलं. माळवद गळत होतं, दोन सरं वाळवीनं खाल्ले होते. घर उतरवायचं म्हणजे तीन पिढ्यांचं सामान बाहेर काढायचं. भांडी, वखराच्या पासा, मोटेचं चाक, कंदील हे ज्याला त्याला वाटून गेलं. उरल्या दोन पत्र्याच्या पेट्या आणि खुंटीवरचा एक गठ्ठा. त्याला कुणी हात लावेना, कारण त्यात सगळ्या फुकट मिळालेल्या वस्तू होत्या. दुकानदारांनी दिलेल्या.

यादी सांगतो. वसमतच्या मोंढ्यातल्या अडत दुकानांची कॅलेंडरं चौदा. खिशात मावणाऱ्या डायऱ्या नऊ. कापड दुकानाच्या पिशव्या, त्यातल्या दोन अजून धडक्या. बियाणं कंपनीच्या रंग उडालेल्या टोप्या. कृषी केंद्राचा कंगवा, पाठीमागं आरसा लावलेला. सातबारा ठेवायची प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर युरियाच्या पोत्याचं चित्र. एक स्टीलची ताटली, मागं दुकानाचं नाव कोरलेलं, माझ्या आत्याच्या लग्नाचा बस्ता बांधला तेव्हा मिळालेली. किल्ल्यांच्या दोन साखळ्या. आणि कीटकनाशकाच्या जाहिरातीची एक पत्र्याची पाटी, जी आमच्या मायनं पंचवीस वर्षं कणगीवर झाकण म्हणून वापरली.

रद्दीवाला दारात उभा होता. पोरगा म्हणाला, "पप्पा, ह्याचं काय करायचं? वजनावर जाऊ द्या." मी म्हणलं, थांब, एकदा बघू दे.

आधी मला प्रश्न पडला की ही कॅलेंडरं राहिली कशी? शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला आम्ही कॅलेंडराचीच पानं फाडायचो. पण ती तारखांची. वरचं चित्र लक्ष्मीचं, बालाजीचं, विठ्ठलाचं, नाहीतर औंढ्याच्या नागनाथाचं. देवाचं चित्र फाडायचं कसं आणि उकिरड्यावर टाकायचं कसं? म्हणून साल संपलं की त्याच खिळ्यावर जुन्याच्या वर नवं यायचं. दहा-दहा वर्षांची कॅलेंडरं एका खिळ्यावर. खिळा हलायला लागला की गठ्ठा बांधून खुंटीवर. दुकानदाराला हे ठाऊक असणारच. देवाच्या पायाशी दुकानाचं नाव छापलं की ते नाव घरातून जात नाही.

ही कॅलेंडरं सगळ्यांना मिळत नव्हती, हेही सांगतो. ज्याचं दुकानात खातं, त्याला मोठं कॅलेंडर, वर-खाली पत्र्याची पट्टी मारलेलं. ज्याचा माल कधीमधी, त्याला छोटं. ज्याच्याकडं पोतंभर ज्वारी, तो रिकाम्या हातानं परत. पेरणीला उचल अडत्याकडून घ्यायची आणि सुगीला माल त्याच्याच दुकानावर टाकायचा, असा तो व्यवहार. पट्टी हातात यायची तेव्हा हमाली, तोलाई, अडत आणि उचलीचं व्याज वळतं झालेलं असायचं. भिंतीवरचं कॅलेंडर म्हणजे ह्या घरचा माल कुठं जातो याची पाटीच होती. दुसऱ्या दुकानाचा मुनीम घरी आला तर पहिली नजर भिंतीवर जायची, असं माय सांगते.

कागद जुना आहे हे कळतं, पण किती जुना हे बऱ्याच वस्तूंवर लिहिलेलं नसतं. मी आठ-दहा दिवस रात्री बसून त्याच्या खुणा काढल्या. तुमच्या घरात असं काही निघालं तर उपयोगी पडतील.

पत्त्यात पिन कोड आहे का बघा. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकडे असले तर वस्तू त्यानंतरचीच.

जिल्हा कोणता लिहिलाय बघा. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. वसमतच्या दुकानावर "जि. परभणी" असेल तर ते त्याआधीचं धरा. वाशीम आणि नंदुरबार १ जुलै १९९८ ला झाले. जालना १ मे १९८१ ला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला.

फोन नंबर बघा. आमच्या एका डायरीवर "फोन नं. ४७" एवढंच आहे. तेव्हा एक्स्चेंजला नंबर सांगून जोडून घ्यावा लागायचा. दहा आकडी मोबाईल नंबर असला तर वस्तू अलीकडची. काही डायऱ्यांवर फोनच्या शेजारी तारेचा पत्ता असतो, एकाच शब्दाचा. तारखात्याची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आता पोरांना तो शब्द कळत नाही.

किंमत आण्यात असली तर ती १९५७ च्या आसपासची किंवा आधीची, कारण त्या साली नवे पैसे आले. वजन शेर-मणात असलं तर १९६२ च्या आधीचं बघा, तेव्हापासून किलो सक्तीचा झाला. अर्थात मोंढ्यात लोक तोंडानं मण पुढं लई वर्षं म्हणत राहिले, पण छापताना दुकानदार जपून छापायचा.

साल लागलं की मग त्या वस्तू ओळीनं मांडल्या. आपल्या भागात पिकं कशी बदलली ते त्यात सरळ दिसतं. अडत दुकानाच्या डायरीत पहिल्या पानावर मालाची यादी छापलेली असते. १९७० च्या डायरीत पहिला शब्द कापूस, मग ज्वारी, तूर, मूग, भुईमूग, करडई, जवस. १९७५ च्या डायरीत त्याच दुकानाच्या यादीत कापूस नाही. कारण १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि कापूस सरकारी केंद्रावर घालावा लागायला लागला. नव्वदच्या पुढच्या डायरीत जवस गेलं, भुईमूग यादीच्या तळाला गेला. शेवटच्या डायरीत सोयाबीन पहिलं आणि हळद ठळक अक्षरात. आज वसमत आणि हिंगोलीच्या हळदीला बाहेरचे व्यापारी येतात. त्या १९७० च्या यादीत हळदीचं नावसुद्धा नाही.

कृषी केंद्राच्या वस्तूंवर बियाण्याची गोष्ट आहे. ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१, तो १९६४ ला आला. आमच्याकडं लोक त्या ज्वारीला नुसतं "हायब्रीड" म्हणायचे आणि भाकरी गोड लागत नाही म्हणून नाकं मुरडायचे. कपाशीत एच-४ हा वाण १९७० ला गुजरातेत सुरतला तयार झाला, वरलक्ष्मी १९७२ ला धारवाडला. एका टोपीवर अजून "नांदेड-४४" वाचता येतं. एनएचएच-४४, आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा वाण. कोरडवाहू कपाशीत त्यानं मराठवाड्यातली कितीतरी घरं उभी केली. मग २००२ च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि त्यानंतरच्या टोप्यांवर फक्त कंपन्यांची नावं. विद्यापीठाचा वाण टोपीवर मला परत दिसला नाही.

बाबांनी डायऱ्यांमध्ये बियाण्याच्या पिशवीची लेबलंही जपून ठेवली होती. बहुतेक निळी, म्हणजे प्रमाणित बियाणं. एक पांढरं, ते पायाभूत. पैदासकाराचं लेबल पिवळं असतं, ते आमच्या घरात कधी आलं नाही. लेबलावर लॉट नंबर असतो. बाबा चौथी शिकलेले, पण लेबल आणि पावती एका टाचणीनं टोचून ठेवायचे. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला आजही हेच दोन कागद लागतात. मोबाईलमधला फोटो चालतो म्हणून बरेच जण पिशवी फेकून देतात. मोबाईल फुटला की मग पंचनाम्याच्या वेळी हात रिकामे.

औषधाच्या पाट्यांवर वेगळीच गोष्ट आहे. कणगीवर झाकण होती त्या पत्र्यावर बीएचसी पावडरची जाहिरात आहे, हसणारा शेतकरी आणि मागं पिवळं शेत. बीएचसी १ एप्रिल १९९७ पासून देशात बंद झाली. डीडीटी त्याआधी १९८९ ला शेतीतून बंद झालं होतं. दुसऱ्या एका डायरीच्या पुठ्ठ्यावर एन्डोसल्फान आहे, ते २०११ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबलं. ऐंशीच्या दशकातल्या किल्लीच्या साखळीवर पायरेथ्रॉइड गटातलं औषध. ते आलं तेव्हा बोंडअळी एका फवारणीत झोपायची, पुढं त्याच गटाच्या फवारण्यांवर फवारण्या झाल्या आणि हिरव्या बोंडअळीला ते पचायला लागलं. बीटीचं गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते २०१७ ला आपण सगळ्यांनी डोळ्यानं बघितलं. जाहिरातीच्या वस्तू एका ओळीत ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक औषध आलं तेव्हा ते शेवटचं औषध असल्यासारखंच छापलेलं आहे.

ह्यात एक गोष्ट घरातल्या बायामाणसांना जरूर वाचून दाखवा. पाटी, कंगवा, टोपी, ताटली ह्या भेटवस्तू. त्या ठेवायला काही हरकत नाही. पण औषधाची रिकामी बाटली, ॲल्युमिनियमचा डबा, पावडरचं डबडं ही भेटवस्तू नाही. जुन्या घरातून असं एखादं भांडं निघालं, कितीही चांगलं दिसलं, तरी रॉकेलला, तेलाला, बियाण्याला वापरू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल असला तर सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे विष नाही असं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

कॅलेंडराखाली तारखांची बारा पानं टाचलेली असायची. पुढच्या बाजूला चौकोन एवढासा, त्यात काही लिहिता येत नाही. पण पानाची मागची बाजू पूर्ण कोरी. चौदा कॅलेंडरांपैकी अकराची पानं शाबूत आहेत, १९८३ ते १९९८ मधली. पानं उलटली आणि मी खाली बसलो. मागं बाबांचं अक्षर. पेन्सिलीनं, कधी बॉलपेननं, कधी नुसती नखाची रेघ.

काय काय आहे त्यात? सालगड्याचे खाडे. आमच्याकडं पाडव्याला सालगडी ठरतो, तिथून त्याचं वर्ष सुरू होतं, म्हणून मार्च-एप्रिलच्या पानावर ठरलेली रक्कम आणि ज्वारीची पोती. पेरणीची तारीख. बैल घेतला त्याचे पैसे. पाऊस मिलिमीटरमध्ये नाही, तर नक्षत्र आणि ओल. "मृग ३ रा दिवस, ओल एक वीत." "आर्द्रा कोरड्या." "पुष्य, झड ४ दिवस, खुरपं बंद." "हस्त, जमीन फुटली." वीतभर ओल म्हणजे काय हे ज्यानं वखर धरलाय त्याला सांगावं लागत नाही.

पुढच्या बाजूला काही तारखांवर कुंकवाचे ठिपके. ते मला कळेनात. माय शाळेत गेली नाही, तिला विचारलं. म्हणाली, "आरं, त्या गाईच्या तारखा हायत. एक ठिपका म्हंजी गाय दाखवली. तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजायची." म्हशीला दोन ठिपके, दहा महिने दहा दिवस. मी दोन ठिकाणी मोजून बघितलं. ठिपक्यापासून जिथं पोचतो तिथं बाबांच्या अक्षरात "गाय व्याली, कालवड" असं आहे, चार-पाच दिवसांच्या फरकानं. अक्षर न शिकलेल्या बाईनं ठेवलेली ही नोंद. जनावरांच्या डॉक्टरला दाखवली तर तोही नाव ठेवणार नाही.

आणि दर उन्हाळ्यात एक नोंद ठरलेली. "मोटर ६ तास." "मोटर ४ तास." "मोटर २ तास." म्हणजे विहिरीवरची मोटर एका दमात किती वेळ चालून पाणी तुटतं ते. बाबा दर आठ-पंधरा दिवसांनी लिहायचे, कारण पाणी किती त्यावर उन्हाळी भुईमुगाला पाळी द्यायची की जनावरांना राखायची हे ठरायचं.

मी वहीत एकच गोष्ट काढली. कोणत्या तारखेला पहिल्यांदा "मोटर २ तास" लिहिलंय.

१९८३ ला १९ मे.
१९८६ ला २४ एप्रिल.
१९८९ ला १४ मे.
१९९१ ला २१ एप्रिल.
१९९३ ला १५ एप्रिल.
१९९५ ला २ एप्रिल.
१९९८ ला २४ मार्च.

यंदा माझ्या विहिरीवर मोटर दोन तासांवर आली ती ९ फेब्रुवारीला.

जाणकार मंडळी लगेच विचारतील, म्हणून आधीच सांगतो. विहीर तीच, आठ परस, खोली वाढवलेली नाही. मोटर तेव्हाही पाच एचपी, आताही पाच. तेव्हा उन्हाळी भुईमूग अर्धा एकर, आता फेब्रुवारीपर्यंत दोन एकर हळद, म्हणजे उपसा वाढला, हे खरं. आदल्या वर्षीच्या पावसानं तारीख मागंपुढं होते, हेही खरं; १९८६ आणि १९८९ मध्ये ते दिसतंच. पण १९९१ नंतरच्या कुठल्याच पानावर तारीख मे महिन्यात परत गेलेली नाही. ओलीच्या नोंदी बघितल्या तर पाऊस एवढा घटलेला दिसत नाही. बदललं ते जमिनीखाली. १९८३ ला आमच्या शिवारात एक बोअर नव्हता. परवा मी माझ्या बांधावर उभा राहून दिसतात तेवढे मोजले. सतरा.

आमचं शिवार कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. सिद्धेश्वर धरणाचं पाणी खालच्या गावांना मिळतं, आम्हाला विहीर आणि पाऊस एवढंच. खाली काळा पाषाण. ह्या दगडात पाणी राहतं ते वरच्या मुरुमात, कुजलेल्या खडकात आणि दोन थरांच्या मधल्या फटीत. खाली अखंड कातळ लागला की कितीही भोक पाडा, पाणी येईलच असं नाही. आणि आलं तर बऱ्याचदा ते शेजारच्या विहिरीतलंच असतं, फक्त आपल्या भोकातून वर आलेलं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे, म्हणजे साधारण दोनशे फूट. आपल्याकडं गाडी उभी राहिली की किती फुटांवर थांबते ते सगळ्यांना माहीत आहे.

हे सगळं सांगायचं कारण, घरात गेले तीन महिने बोअरवरूनच बोलणं चाललं होतं. पोराचं म्हणणं सरळ होतं. "पप्पा, सगळ्या भावकीनं घेतले. आपणच राहिलो. हळद फेब्रुवारीत सुकत्येय, भाव हाय तवा माल पायजे." तो काही चुकीचं बोलत नव्हता. खर्च काढला होता, बोअर, केसिंग, मोटर, केबल, पाईप धरून दीड लाखाच्या पुढं. सोसायटीचं कर्ज नियमात बसत नव्हतं, म्हणून बाहेरून काढायचं ठरत होतं. मी नको म्हणायचो, पण माझ्याकडं नको म्हणायला कारण नव्हतं. नुसतं "मन घेत नाही" म्हणलं तर पंचवीस वर्षांचं पोरगं ऐकेल का?

त्या तारखा मी त्याला तोंडानं सांगितल्या नाहीत. वही त्याच्यासमोर ठेवली आणि कॅलेंडरं शेजारी. त्यानं एकेक पान उलटून तारखा तपासल्या. एका ठिकाणी माझी ओळ सुटली होती ती त्यानंच भरली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आपण बोअर घेतला तर अठरावा. पाणी तेवढंच, वाटेकरी एक वाढला." मला जे तीन महिने मांडता आलं नाही ते त्यानं एका वाक्यात मांडलं. आजोबाचं अक्षर होतं म्हणूनही असेल.

आता काय करतोय ते सांगतो. हळद दोन एकरांऐवजी एक एकर, तीही ठिबकवर. उरलेल्या एकरात सोयाबीन-तूर, आणि ओल राहिली तर मागं हरभरा. बोअरचे पैसे उचलायचे नाहीत. घरच्या पैशात विहिरीतला गाळ काढला, चाळीस ट्रॉली निघाला. आमच्या बांधाला लागून एक ओघळ वाहतो, त्याचं पाणी विहिरीत सोडायला दोन खड्डे घेतले. पहिल्यात पाणी थांबून गाळ खाली बसतो. दुसऱ्यात तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. तिथून पाईपनं विहिरीत. पहिला पाऊस आत घ्यायचा नाही, कारण त्यात शेतातलं सगळं धुऊन येतं. दोन पाऊस जाऊ देऊन मगच पाईप उघडायचा. हे करून मोटर मे महिन्यात परत सहा तास चालेल असं मी म्हणत नाही. सतरा बोअर जागेवर आहेतच. पण फरक पडला की नाही, हे पुढच्या फेब्रुवारीत अंदाजानं बोलावं लागणार नाही. तारीख मांडून बघता येईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या राज्यात निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला. ती मोजणी पूर्ण भागाची. आपल्या विहिरीची मोजणी आपणच करायची. एक दोरी, तिला फुटाफुटावर गाठ आणि खाली दगड, एवढं पुरतं. त्याच चार महिन्यांत मोजलं तर सरकारी आकड्याशी जुळवूनही बघता येईल. इथं वाचणाऱ्या कृषी सहायक आणि विद्यापीठातल्या मंडळींना विनंती आहे. गावात गेलात की जुन्या माणसांना सरळ "पावसाच्या नोंदी आहेत का" असं विचारू नका, ते नाहीच म्हणतील. मायलाही ठिपके म्हणजे नोंद असं वाटत नव्हतं. त्यांना विचारा, "दुकानाची जुनी कॅलेंडरं कुठं आहेत?"

आता दुकानं कॅलेंडरं कमी वाटतात. जाहिरात मोबाईलवर येते, बघितली की वर सरकते, तिच्या पाठीमागं काही लिहिता येत नाही. दोष द्यायचा नाही, त्यांनाही छपाई परवडत नाही. पण ज्यांच्याकडं अजून कॅलेंडर येतं त्यांनी एक करा. ते दिवाणखान्यात शोभेला लावू नका. मोटरच्या स्टार्टरजवळ, नाहीतर गोठ्यात लावा, शेजारी दोरीनं पेन बांधा. पाऊस, पेरणी, फवारणीचं औषध आणि मात्रा, गाईची तारीख, मोटरचे तास. रोज नको, आठवड्याला एक ओळ पुरते. अक्षर येत नसलं तर ठिपका चालतो. साल संपलं की गठ्ठा बांधून ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. आणि घर उतरवणार असाल तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी प्रत्येक पान उलटून बघा.

आमची कॅलेंडरं पोरानं पानापानानं फोटो काढून ठेवली आणि कागद नव्या घरात लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या खणात ठेवले. ताटली माय वापरते. पत्र्याची पाटी मी कणगीवरून काढली, ती आता नुसती ठेवलीय.

बाकी इकडं अजून मृगाची चाहूल नाही, वारं सुटतंय. हळदीचं बेणं निवडून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात बेणेप्रक्रियेवर लिहितो.

राम राम.